तबकडीवरील ग्रामनामे

गोमंतकातील ग्रामनामांचा शोध घेणाऱ्यांनी ताम्रपट वाचले, गावकारीची दप्तरे चाळली, देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या पाहिल्या. फोनोच्या तबकडीकडे या कामासाठी कोणी वळल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही. आम्हीही मुद्दाम वळलो नव्हतो. डिचोलीच्या घराचा माळा एका पावसाळ्यात गळू लागला, आणि तेथील शिसवी पेटी खाली आणून उघडणे भाग पडले, एवढेच त्याचे निमित्त.

पेटीत दोन पिढ्यांचा संग्रह होता. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या, हातातून सुटली की खापरासारखी फुटणाऱ्या तबकड्या खाली. वडिलांनी पुढे घेतलेल्या व्हिनाइलच्या लाँग प्ले वर. आजोबांच्या काही तबकड्या कापडी बांधणीच्या एका जाड पुस्तकात होत्या. त्याचे प्रत्येक पान म्हणजे एक कागदी पिशवी, मध्ये गोल खिडकी, आणि खिडकीतून दिसणारे नाव. याच पुस्तकाला अल्बम म्हणत. पुढे १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला तेहतीस व एक तृतीयांश फेऱ्यांची तबकडी आली आणि पुस्तकभर गाणे एकाच तबकडीत मावू लागले, तेव्हा पुस्तक गेले, पण शब्द तेवढा राहिला.

ओल किती लागली हे पाहता पाहता आम्ही यादी करावयास बसलो. शाळेत जन्म गेलेल्या माणसाच्या हातून दुसरे काय होणार? जनरल रजिस्टरातले रकानेच आम्ही वहीत आखले : अनुक्रमांक, स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, आडनाव, गाव. चारपाच तबकड्या नोंदवून होतात न होतात तोच ध्यानात आले की, तिसरा रकाना कोराच राहतो आहे आणि चौथ्या व पाचव्या रकान्यांत एकच गोष्ट दोनदा लिहावी लागते आहे. केसरबाई केरकर, गाव केरी. मोगूबाई कुर्डीकर, गाव कुर्डी.

हा योगायोग नव्हे. गोमंतकातील देवस्थानांच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांत मुलीच्या नावापुढे बापाचे नाव लावण्याची सोय समाजाने ठेवली नव्हती. तिला आई होती, गाव होते, गावचा देव होता. त्या समाजातले एक कर्ते पुरुष राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘मी कोण?’ हे नाव दिले. आणि त्यांचे आडनाव पाहावे तर तेही काणकोणातील पैंगीण या गावाचेच. ज्या प्रश्नापुढे सरकारी आणि शाळेची दप्तरे अडून बसत, तो प्रश्न तबकडीने विचारलाच नाही. कंपनीला गाणारीचे नाव हवे होते, बापाचे नको होते. यात औदार्याचा भाग नव्हता, व्यापार होता, हे आम्ही जाणतो. तरीही एका स्त्रीचे नाव, कोणा पुरुषाचा आधार न घेता, सोनेरी अक्षरांत छापून घरोघर गेले ते या तबकडीवर. आणि त्याबरोबर गावही गेले.

आडनावावरून गाव ठरविताना सावधगिरी मात्र हवी. केरी नावाची गावे गोमंतकात तीन : एक पेडण्याच्या टोकाला तेरेखोलच्या मुखाशी, एक सत्तरीत घाटाच्या पायथ्याशी, आणि एक फोंडा महालात. केसरबाई या तिसऱ्या केरीच्या. त्यांचा जन्म १८९२ चा. आम्ही स्वतः कित्येक वर्षे मुलांना त्या पेडण्याच्या म्हणून सांगत आलो, आणि एका पालकाने चारचौघांत आमची चूक दाखवून दिली, हे येथे कबूल करतो. दुसरे उदाहरण गाण्याबाहेरचे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर जन्मले पेडण्यात, आडनाव मात्र फोंड्याच्या बांदिवड्याचे. आडनाव सांगते ते मूळ. पाळणा कुठे हलला ते नव्हे. मंगेशीची दोन नावे शेजारी ठेवली तर आणखी एक गंमत दिसते. मास्टर दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. जितेंद्र अभिषेकी मूळचे नवाथे, त्यांच्या घराण्याला नाव मिळाले ते देवावरील अभिषेकाच्या सेवेवरून. गाव तेच, पण एकाच्या आडनावात स्थळ आहे आणि दुसऱ्याच्या आडनावात काम.

आमच्या पेडण्याडिचोलीकडची नावे किती, हे साहजिकच आम्ही आधी पाहिले. श्रीधर पार्सेकर भेटले. पेडणे महालातील पार्से गावचा हा व्हायोलिनवादक १९२० साली जन्मला आणि अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९६४ साली गेला. मराठी भावगीतांना त्यांनी दिलेल्या चाली आमच्या पिढीने त्यांचे नाव ठाऊक नसताना ऐकल्या. दुसरे नाव सापडेल अशी आशा होती, ते मिळाले नाही. अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) भेंडीबाजार घराण्याच्या; नझीर खाँ यांची त्यांना तालीम; १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या. कुमार गंधर्वांसारख्यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. मालपें गाव आमच्या पेडण्यातले. पण त्यांची एकही तबकडी या पेटीत नाही. गावाचे नाव असे शिष्यांच्या गळ्यातून पुढे जाते, तेथे आमची वही उपयोगी पडत नाही.

आजोबांची खरेदीची टिपणवहीही पेटीत निघाली. मुंबईहून येताना एखाददुसरी तबकडी ते घेऊन येत. नोंद सालवार आहे. १९५४ नंतर ती एकदम थांबते. भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, जाण्यायेण्याला परवाने लागू लागले, आणि दोडामार्ग–बांद्याकडची वाट, जी आमच्या डिचोलीकरांना शेजारच्या अंगणासारखी, ती परमुलखाची झाली. पुढची नोंद १९६२ ची, आणि ती वडिलांच्या अक्षरात. मधल्या सातआठ वर्षांत घरात नवे गाणे आले नाही. मुक्तिलढ्याच्या इतिहासात अशा गोष्टीला जागा मिळत नाही. मिळावी असा आमचा हट्टही नाही.

वडिलांच्या लाँग प्लेंत ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांची अभिषेकींनी बांधलेली पदे आहेत. क्रिस पेरी यांनी रचलेली आणि लॉर्नाने गायिलेली कोंकणी गाणी त्यांना लागून उभी आहेत, आणि कव्हरे पाहता तीच अधिक वाजलेली दिसतात. केसरबाईंचीही एक लाँग प्ले आहे, पण ती वस्तुतः जुन्या लाखेच्या तबकड्यांचीच एकत्र मोट. बाजू लांब झाली, गाणे मात्र तीनसाडेतीन मिनिटांचेच राहिले. त्यांचे विस्ताराचे गाणे ऐकावयाचे तर मैफलींच्या खाजगी फितींकडेच जावे लागते.

अशा एका तुकड्याचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, व्हॉयेजर यानांतून १९७७ च्या २० ऑगस्टला व ५ सप्टेंबरला अंतराळात गेली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. कुर्डीचे उलटे झाले. मोगूबाई (१९०४–२००१) हयात असतानाच, साळावलीच्या धरणाखाली, ते गाव पाण्यात गेले. मे महिन्यात पाणी ओसरले की देवळाची जोती, घरांचे चौथरे वर येतात, जुने गावकरी जमतात, आणि पाऊस लागला की सर्व पुन्हा बुडते. आमच्या पेटीतील मोगूबाईंच्या एकुलत्या तबकडीवर ‘कुर्डीकर’ हे अक्षर मात्र बारा महिने कोरडे असते. म्हणजे, माळा गळेपर्यंत होते.

या पेटीचे पुढे काय करावे, याचा निर्णय घरात झालेला नाही. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने तबकड्यांच्या नोंदीचे मोठे काम केले आहे, आणि जाणत्यांकडे संग्रह सोपवावा, असा एक विचार आहे. भंगारवाला वजनावर नेतो, असा दुसरा विचार घरातील तरुण मंडळी बोलून दाखवितात.

सर्वांत तळाच्या एका तबकडीने आमची यादी अडविली आहे. आजोबांनी ती मुंबईच्या जुन्या बाजारातून घेतली, एवढेच टिपण. तिचा कागद कसरीने खाल्ला आहे. ती अगदी आरंभीच्या काळातली असावी. कारण कलकत्त्याला १९०८ साली कारखाना निघण्यापूर्वी मेणावरचे मुद्रण जर्मनीतील हानोव्हरला जात असे, आणि तेथील कामगारांना कोणाची तबकडी हे कळावे म्हणून गाणारी व्यक्ती शेवटी स्वतःचे नाव उच्चारी. ही बाईही उच्चारते. दुरुस्त केलेल्या फोनोवर आम्ही ते पाचसहा वेळा ऐकले. भेगेवर पिन उडते, खरखर होते, आणि त्यापुढे ‘-कर’ एवढेच स्पष्ट येते. आवाज उंच, काहीसा घाईचा. मध्याजवळ कोरलेला आकडा शाबूत आहे. तो वहीत उतरवून घेतला आहे, आणि गावाच्या रकान्यात तूर्त पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे.