मूलनलिका-पूरके : जैवसुसंगतीचे परीक्षण

दाताच्या मुळातील नलिकेतून रोगग्रस्त अथवा मृत दंतमज्जा काढून, नलिका साफ व शक्य तितकी निर्जंतुक करून, तीत कायमची भरावयाची द्रव्ये मुळाभोवतालच्या जिवंत ऊतकांना कितपत मानवतात, हे ठरविण्याच्या प्रयोगशालेय व प्राणिप्रयोगाधिष्ठित रीतींचा ह्या नोंदीत समावेश होतो. असे द्रव्य नलिकेच्या भिंतींत बंदिस्त असल्याचे वरकरणी दिसते. तथापि मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून परिदंत बंध व जबड्याचे हाड यांच्याशी त्याचा सरळ संबंध येतो, भरताना त्याचा काही अंश पुष्कळदा छिद्रापलीकडे निसटतो, आणि एकदा तेथे गेलेला अंश शस्त्रक्रियेवाचून परत काढणे बहुधा शक्य होत नाही. खालच्या दाढांच्या मुळांखालून ओठ व हनुवटी यांना संवेदना पुरविणारी चेता जात असल्यामुळे त्या जागी विषारी द्रव्य पोचल्यास ओठ बधिर होण्याचा प्रसंगही ओढवतो.

द्रव्ये : पूरकाचे दोन भाग असतात. गाभ्याचे काम एकोणिसाव्या शतकापासून प्रामुख्याने गटापर्चाच्या शंक्वाकृती कांड्या करीत आल्या आहेत. त्यांत गटापर्चा सुमारे पंचमांश असून उरलेला बहुतेक भाग झिंक ऑक्साइडाचा, व थोडा क्ष-किरणांत दिसण्यासाठी घातलेल्या धातुलवणांचा आणि मेणाचा असतो. कांडी व भिंत यांमधील फट बुजविणाऱ्या ओल्या लेपास दंतवैद्य सीलर म्हणतात. झिंक ऑक्साइड व लवंगेच्या तेलातील युजेनॉल यांचे, एपॉक्सी रेझिनाचे, कॅल्शियम हायड्रॉक्साइडयुक्त आणि कॅल्शियम सिलिकेटाचे, असे त्याचे मुख्य वर्ग होत. परीक्षणाचा खरा विषय सीलर हाच आहे, कारण तो ओला असताना भरला जातो व जिवंत ऊतकाच्या सान्निध्यातच घट्ट होतो.

इतिहास : मिशिगन विद्यापीठातील रिकर्ट व डिक्सन यांनी सशांच्या ऊतकांत पोकळ सुया रोवून, सुयांच्या उघड्या तोंडांशी दाह झाल्याचे निरीक्षण १९३१ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक परिषदेत मांडले. पोकळीत पाझरलेला द्रव सडून बाहेर पडतो व दाह उत्पन्न करतो, सबब नलिकेत तसूभरही रिकामी जागा राहता कामा नये, असा त्यावरून निघालेला सिद्धांत ‘पोकळ नळी’ ह्या नावाने तीन दशकांहून अधिक काळ प्रमाण मानला गेला. पुढे गोल्डमन व पिअर्सन यांनी १९६५ साली टेफ्लॉनच्या, आणि टॉर्नेक यांनी १९६६ साली पॉलिएथिलीनच्या नळ्या वापरून हाच प्रयोग फिरून केला, तेव्हा निर्जंतुक रिकाम्या नळीच्या तोंडाशी ऊतक बहुतांशी शांत राहते, असे आढळले. सिद्धांत अशा रीतीने मोडकळीस आला, परंतु नळी मात्र टिकली. द्रव्याची पारख करण्याचे साधन म्हणून ती अद्याप प्रयोगशाळांत रुजू आहे.

परीक्षणांच्या पायऱ्या : प्रथम कोशिकांवर, नंतर लहान प्राण्यांच्या ऊतकांत, आणि अखेरीस प्रत्यक्ष दातात, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था सर्वमान्य आहे. आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाने १९८० साली शिफारस केलेली कार्यपद्धती, १९८४ सालचे आयएसओ ७४०५ हे तांत्रिक प्रतिवृत्त व १९९७ साली त्याच क्रमांकाने निघालेले मानक ही ह्या व्यवस्थेची मुख्य कागदपत्रे होत. सर्व वैद्यकीय साधनांना लागू असणारी आयएसओ १०९९३ ही मानकमालाही सोबत वाचावी लागते.

कोशिका-संवर्धन : उंदराच्या एल-९२९ ह्या तंतुजनक कोशिका, मानवी हेला कोशिका अथवा परिदंत बंधापासून वाढविलेल्या कोशिका द्रव्याच्या, किंवा ३७° से. तापमानास काढलेल्या त्याच्या अर्काच्या संपर्कात ठेवतात. स्पॉन्गबर्ग यांनी १९७३ साली मांडलेल्या रीतीत कोशिकांना आधी किरणोत्सर्गी क्रोमियम शोषू देतात व कोशिकापटल फाटून ते किती बाहेर गळले, हे मोजतात. मॉसमन यांच्या १९८३ सालच्या रीतीत जिवंत कोशिका पिवळ्या लवणाचे जांभळे स्फटिक बनवितात, त्या रंगावरून जीवनक्षमता ठरते. ती ७० टक्क्यांहून कमी झाल्यास द्रव्य कोशिकाविषारी मानावे, असा दंडक आहे.

अंतःस्थापन : पांढऱ्या उंदराच्या पाठीवरील केस काढून, भूल देऊन, कातडीला लहान छेद घेतात व तिच्याखाली बोथट हत्याराने कप्पा करतात. पॉलिएथिलीन, सिलिकोन अथवा टेफ्लॉनच्या सुमारे १० मिमी. लांबीच्या, एक-दीड मिमी. व्यासाच्या नळीत नुकताच कालवलेला सीलर, वर फुगा येणार नाही व कडेला सांडणार नाही अशा बेताने भरून ती नळी कप्प्यात सरकवितात आणि टाके घालतात. सात, तीस, साठ, नव्वद अशा ठराविक दिवसांनी नळी सभोवतालच्या ऊतकासह काढून, तिचे पाच-सहा मायक्रोमीटर जाडीचे छेद कापून, हिमॅटॉक्सिलीन व इओसीन यांनी रंगवितात. नळीच्या भिंतीलगतचे ऊतक केवळ प्लास्टिकला काय प्रतिक्रिया देते ते दाखविते, तर उघड्या तोंडाशी असलेले ऊतक द्रव्याला. त्यामुळे एकाच छेदात नमुना व त्याचे नियंत्रण ही दोन्ही हाती येतात, हा ह्या रीतीचा मोठा गुण होय.

छेद वाचताना प्रथम तोंडाशी असलेल्या तंतुमय आवरणाची जाडी पाहतात. १५० मायक्रोमीटरांपर्यंतचे आवरण पातळ समजले जाते. नंतर दृष्टिक्षेत्रातील दाहकोशिका मोजून पंचविसाच्या आत असल्यास प्रतिक्रिया सौम्य, पंचवीस ते सव्वाशे असल्यास मध्यम व त्यापुढे तीव्र, अशी प्रतवारी सामान्यतः करतात. संख्येपेक्षा कोशिकांची जात अधिक बोलकी असते : सातव्या दिवशीच्या बहुरूपकेंद्री कोशिका शस्त्रक्रियेच्या जखमेमुळेही असू शकतात, परंतु साठाव्या दिवशीही लसीका-कोशिका, महाभक्षी कोशिका व बहुकेंद्री महाकोशिका दाटून राहिल्या, तर दोष द्रव्याच्या पदरी टाकण्यास हरकत नाही. नळीऐवजी गिनीपिगच्या खालच्या जबड्याच्या हाडात द्रव्य ठेवण्याची रीत स्पॉन्गबर्ग यांनी १९६९ साली अवलंबिली. हाडाची पुनर्रचना तीत दिसत असल्यामुळे ती मूलाग्राच्या परिस्थितीस अधिक जवळची आहे. कोशिका-संवर्धनातील रंगमापनाचे आकडे हल्ली अधिक उद्धृत होत असले, तरी सूक्ष्मदर्शकाखालील ऊतकछेद हाच ह्या विषयातील विश्वसनीय दस्तऐवज होय.

उपयोग-परीक्षण : माकड, कुत्रा इ. प्राण्यांच्या दातांत, रुग्णाच्या दातात करावयाचे तेच उपचार करून, कालांतराने दात व जबड्याचा तुकडा एकत्र काढतात, आम्लाने अथवा तत्सम द्रव्याने त्यांतील चुना विरघळवितात आणि मूलाग्रातून छेद घेतात. खर्च, काळ व प्राणिहिताचे नियम यांमुळे हे परीक्षण विरळ झाले आहे.

जननिक विषाक्तता व अधिहर्षता : जीवाणूंवरील एम्स चाचणी आणि गिनीपिगच्या त्वचेवरील चाचणी, ह्या त्या दोहोंसाठी अनुक्रमे प्रचलित आहेत.

निष्कर्षांतील विसंगती : तिन्ही पायऱ्यांचे निकाल एकमेकांशी जुळतातच असे नाही, हे म्योर व त्यांच्या नॉर्वेतील सहकाऱ्यांनी १९७७ साली दंतपूरकांच्या तौलनिक अभ्यासातून दाखविले. युजेनॉलयुक्त सीलर संवर्धनातील कोशिकांना बहुधा मारक ठरतो, पण दातात दंतिनाच्या आडून अल्प प्रमाणात झिरपणारे तेच युजेनॉल वेदनाशामक म्हणून शतकभर वापरात आहे. श्रोडर यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९५०-६० या दशकात सिद्ध केलेला एएच २६ हा एपॉक्सी सीलर घट्ट होताना फॉर्मल्डिहाइड सोडतो, त्यामुळे ओला असताना विषारी, आणि एक-दीड दिवसात घट्ट झाल्यावर बराच निरुपद्रवी असा आढळतो; सबब नमुना कालवल्यापासून किती तासांनी तपासला, हे ज्या अहवालात नमूद नाही तो अहवाल फारसा कामाचा नाही. तोराबिनेजाद यांनी कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे १९९० नंतर प्रचारात आणलेल्या एमटीए ह्या सिलिकेट सिमेंटाचा पीएच १२.५ पर्यंत चढतो, तरी त्यालगत कठीण ऊतक तयार होते. द्रव्याच्या आकारमानाचाही परिणाम होतो : श्योग्रेन, सुंडक्विस्ट व नायर यांनी १९९५ साली गिनीपिगच्या कातडीखाली गटापर्चा ठेवला, तेव्हा मोठे तुकडे तंतुमय आवरणात निमूट गुंडाळले गेले, परंतु त्याच गटापर्चाच्या बारीक कणांभोवती महाभक्षी कोशिका व महाकोशिका यांची तीव्र प्रतिक्रिया उमटली. तेव्हा जैवसुसंगती हा द्रव्याचा उपजत गुण न मानता, विशिष्ट वेळी, विशिष्ट जागी व विशिष्ट आकारात त्याने ऊतकाशी केलेला व्यवहार मानणे युक्त होय.

फॉर्मल्डिहाइडयुक्त लेप : सार्जेंटी यांच्या एन२ ह्या पॅराफॉर्मल्डिहाइडयुक्त लेपाच्या छेदांत ऊतकमृत्यू व चिरकारी दाह आढळल्याची प्रतिवृत्ते पुष्कळ आहेत, तर त्याच्या पुरस्कर्त्यांनी रुग्णांतील यशाचे दाखले पुढे केले. लेप मूलाग्रापलीकडे गेल्याने चेतेस इजा झाल्याची प्रकरणे नमूद आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास कधीही मंजुरी दिलेली नाही.

भारत : प्राणिप्रयोगांस पशुक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० लागू आहे, तर पूरकांचे उत्पादन व आयात यांचे नियमन वैद्यकीय उपकरण नियमावली, २०१७ अन्वये होते.