नाणेसंग्राहकांची नियतकालिके व लिलावसूची

नाण्यांच्या संग्राहकांसाठी व अभ्यासकांसाठी निघणारी नियतकालिके, तसेच नाण्यांच्या जाहीर लिलावापूर्वी प्रसिद्ध होणाऱ्या वर्णनात्मक याद्या यांचा नाणकशास्त्राच्या वाढीत मोठा वाटा आहे. हे वाङ्मय प्रथमदर्शनी व्यापारी किंवा केवळ छंदापुरते वाटते. तथापि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील काही राजांची नावे अशाच पानांतून प्रथम वाचकांसमोर आली, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरचे आहे.

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. या परिसरात १८७७ च्या सुमारास शिसे व मिश्रधातू यांची जुनी नाणी मोठ्या संख्येने सापडली. त्यांच्या एका बाजूस बाण चढविलेले धनुष्य व त्याभोवती ब्राह्मी लेख, तर दुसऱ्या बाजूस अनेक कमानींचा चैत्य व कठड्यातील वृक्ष दिसतो. नाणी दिसण्यात ओबडधोबड. सोन्याचांदीची नसल्यामुळे सराफाला त्यांचे मोल नव्हते, आणि शिसे आटविणे तर अगदीच सोपे. ती वाचली याचे श्रेय रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाला द्यावे लागते. या नियतकालिकाच्या तेराव्या खंडात ऑलिव्हर कॉड्रिंग्टन व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी कोल्हापूरच्या या नाण्यांविषयी लिहिले. वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर व गोतमिपुत विळिवायकुर अशी तीन राजांची नावे त्यांवरून निश्चित झाली. पुराणांतील वंशावळींत ही नावे या रूपात कोठेही येत नाहीत.

भगवानलालांच्या लेखनातील खरा मोलाचा भाग नावांच्या वाचनाहून वेगळा आहे. काही नाणी एका राजाने पाडलेली असून त्यांवरच दुसऱ्या राजाचा छाप पुन्हा मारलेला आहे, हे त्यांच्या लक्षात आले. सिवलकुराचा छाप वासिठीपुताच्या नाण्यांवर दिसतो आणि गोतमिपुताचा छाप आधीच्या दोघांच्याही नाण्यांवर दिसतो. यावरून तिघांचा क्रम ठरला. एकही शिलालेख हाताशी नसता, नव्या छापाखालून डोकावणाऱ्या जुन्या छापाच्या अर्धवट रेषांवरून राजांची परंपरा लावणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. आजही अशा नाण्याचे चांगले छायाचित्र पुढे आले, की संग्राहक प्रथम शोधतो तो खालचा छाप. सुबक, न झिजलेल्या नाण्यापेक्षा दुहेरी छापाचे वाकडेतिकडे नाणे त्याला अधिक प्रिय असते. या छंदाची गोडी कशात आहे हे एवढ्यावरून कळावे.

पुढे या राजांविषयी वाद झाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात असे मत मांडले, की मातृनामावरून बनलेले नाव सातवाहन सम्राटाचे असून ‘कुर’ अंती असलेले नाव त्याच्या प्रांताधिपतीचे आहे. इतर अभ्यासकांनी दोन्ही नावे एकाच राजाची मानली. अलीकडील संशोधनाचा कल ‘कुर’ हे कोल्हापूर परिसरातील स्वतंत्र राजघराणे मानण्याकडे अधिक आहे. ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने हिप्पोकूरा या नगरीच्या ‘बलेओकूरोस’ नावाच्या राजाचा उल्लेख केला आहे. तो विळिवायकुर असावा ही सूचनाही जुनीच आहे. या वादाचा निर्णय जो काही लागेल तो नाण्यांच्या आधारेच लागणार, कारण दुसरे साधन जवळजवळ नाही.

या नाण्यांचा पुढील प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. सर वॉल्टर इलियट यांचा दक्षिण हिंदुस्थानातील नाण्यांवरील ग्रंथ १८८५-८६ मध्ये निघाला. तो लिहिताना त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्यांच्या संग्रहातील आणि भगवानलालांच्या संग्रहातील नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जमा झाली. भगवानलाल १८८८ मध्ये निवर्तले. पुढे एडवर्ड जेम्स रॅप्सन यांनी आंध्र (सातवाहन) व पश्चिम क्षत्रप यांच्या नाण्यांची सूची तयार केली व म्युझियमने ती १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक नाण्याचे वजन, आकार, दोन्ही बाजूंचे वर्णन, लेखाचे वाचन, नाणे कोणाच्या संग्रहातून आले याची नोंद आणि शेवटी चित्रपत्रे, अशी तिची रचना आहे. प्रस्तावनेत सातवाहनांच्या इतिहासाची सविस्तर चर्चा येते. यानंतर प्रत्येक लिलावसूचीत ‘रॅप्सन क्रमांक अमुक’ असा निर्देश येऊ लागला. कोल्हापूरच्या मातीतून निघालेले नाणे कोल्हापूरच्याच माणसाला प्रथम दिसले ते बहुधा लंडनच्या या सूचीच्या चित्रपत्रावर, ही विपर्यस्त परिस्थिती पुढे कितीतरी वर्षे टिकली.

युरोपात नाण्यांच्या सूचींची परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे. सरदार-घराण्यांतील संग्रह मोडीत निघत, तेव्हा त्यांच्या विक्रीसाठी छापील याद्या निघत. हिंदुस्थानी व इतर पौर्वात्य नाण्यांपुरते बोलायचे तर विल्यम मार्सडेन यांची १८२३ ते १८२५ या काळात दोन भागांत निघालेली सचित्र सूची हा पहिला मोठा टप्पा होय. लंडनच्या स्पिंक या पेढीने १८९२ मध्ये आपले नाणकविषयक परिपत्रक सुरू केले. त्यात विक्रीची यादी आणि विद्वत्तापूर्ण टिपण शेजारी शेजारी छापले जाई. अमेरिकेत ‘द न्यूमिस्मॅटिस्ट’ हे मासिक १८८८ मध्ये निघाले. भारतात बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाला १९०४ पासून स्वतंत्र नाणकविषयक पुरवणी जोडली जाऊ लागली. १९१० मध्ये न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९३९ पासून तिचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. वऱ्हाडात तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये मिळालेल्या सातवाहन नाण्यांच्या मोठ्या संचयावर वासुदेव विष्णु मिराशी यांनी केलेले काम याच सुमाराचे. १९७० मध्ये ओरिएंटल न्यूमिस्मॅटिक सोसायटी निघाली व तिचे वार्तापत्र हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही वर्गांना जोडणारे ठरले. ‘न्यूमिस्मॅटिक डायजेस्ट’ १९७७ पासून निघू लागले. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये नाणकशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली. कोल्हापूर संस्थानासह सर्व मराठी टांकसाळींचा आढावा घेणारा माहेश्वरी व विगिन्स यांचा ग्रंथ तिनेच १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

लिलावसूचीतील नोंदीची एक ठराविक घडण असते. प्रथम लॉटचा क्रमांक, मग राजवंश, राजा, टांकसाळ, धातू, वजन, मूल्य, दोन्ही बाजूंचे वर्णन, स्थिती, पूर्वीच्या सूचींतील क्रमांक आणि अखेरीस अंदाजित किंमत. लिलाव झाल्यावर प्रत्यक्ष आलेल्या किमतींचे पत्रक निघते. जुन्या सूचींच्या समासांत पेन्सिलीने टिपलेल्या किमती दिसतात. बोली लावायला न गेलेला किंवा तितकी ऐपत नसलेला वाचकही पत्रक आले की त्या निगुतीने भरून ठेवी. वस्तुतः सूचीचा बहुसंख्य वाचक हा ग्राहक नसतोच. एखाद्या शिक्षकाला किंवा कारकुनाला शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाची बोली स्वप्नातही परवडत नाही; पण त्या होनाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, त्याचे वजन आणि अक्षरांची ठेवण ही त्याची होऊ शकतात. या आनंदाला कोणी हौस म्हणून हिणवू नये. १९८७ मध्ये जिनिव्हा येथे लिलावास मांडलेल्या जहांगिराच्या १,००० मोहरांच्या, सुमारे १२ किलोग्रॅम वजनाच्या नाण्याविषयी ज्यांनी वाचले, त्यांतील जवळजवळ कोणीही ते विकत घेण्यासाठी वाचले नव्हते.

मराठी नाण्यांच्या बाबतीत सूचीचे आणखी एक काम आहे. छापाचा ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर लेखाचा तुकडाच उमटे. शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे पुरती असलेला नमुना क्वचितच मिळतो. रुपयांची अडचण निराळी. मराठी टांकसाळींतील बहुतेक रुपयांवर मोगल बादशहाचेच नाव असल्यामुळे एका टांकसाळीचा रुपया दुसरीपासून ओळखायचा तो एखाद्या खुणेवरून, अक्षराच्या वळणावरून किंवा टिंबांच्या मांडणीवरून. कोल्हापूर संस्थानाचा ‘शंभू पीरखानी’ नावाने ओळखला जाणारा रुपया याच वर्गातला. वेगवेगळ्या सूचींतील आठदहा छायाचित्रे शेजारी ठेवली, की एकाचा उजवा भाग व दुसऱ्याचा डावा भाग जुळून मूळचा पुरा ठसा डोळ्यांपुढे उभा राहतो. दुदांडी शिवराईचे प्रकार हौशी संग्राहकांनी असेच ताडून पाहिले. विद्यापीठांतील अभ्यासकांनी त्या तांब्याच्या चकत्यांकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते, तेव्हा त्या मोडीच्या वजनावर तांबटांकडे जात होत्या.

सोन्याच्या नाण्यांची कथा दागिन्यांशी निगडित आहे. व्हेनिसच्या डकॅट नाण्याच्या नकलेतून आपल्याकडची ‘पुतळी’ आली आणि पुतळ्यांची माळ हा कोल्हापूरच्या गुजरीतील सराफांचा परिचित घाट झाला. नाण्याला नाके जोडून ते गळ्यात घालण्याच्या रिवाजामुळे अनेक नाणी झिजली. पण त्याच रिवाजामुळे ती आटविण्यापासून बचावली. ‘नाके काढल्याची खूण’ असा शेरा सूचीत आला, की किंमत उतरते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती खूण म्हणजे त्या नाण्याच्या दुसऱ्या आयुष्याचा दाखला असतो.

येथे लिलावसूचीच्या उणिवेचा विचार करणे भाग आहे. नाणे कोठे सापडले, कशाबरोबर सापडले, त्या संचयात एकूण किती होती, हे तिच्यात बहुधा नसते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून अधिक नाण्यांचा संचय मिळाला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. संचयाचा बराचसा भाग रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांना तपासता आला व त्याची आकडेवार हकिकत मुंबईच्या एशियाटिक नियतकालिकात छापली गेली, म्हणूनच क्षहरातांचा पराभव हा केवळ प्रशस्तीतील दावा न राहता मोजता येण्याजोगा पुरावा ठरला. हीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर प्रत्येक सूचीत ‘नहपान, पुनर्मुद्रित, स्थिती उत्तम’ एवढीच नोंद उरली असती. कोल्हापुरात १९४५-४६ मध्ये हसमुख धीरजलाल सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन व बहमनीकालीन वस्तीचे थर मिळाले आणि कुर राजांच्या काळातील घरे, भांडी व परदेशी व्यापाराच्या खुणा यांचा संदर्भ प्रथमच हाती आला. पोसायडनच्या प्रसिद्ध कांस्यमूर्तीचे ठिकाणही ब्रह्मपुरीच होय. या वस्तूंसाठी १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले व पुढे ते टाउन हॉलमध्ये हलविण्यात आले. १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेला उत्खननाचा अहवाल आणि रॅप्सनची सूची एकत्र वाचली, म्हणजे थर व छाप यांची सांगड कशी घालावयाची हे स्पष्ट होते.

कायद्याची बाजूही संग्राहकाने जाणली पाहिजे. १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७६ पासून अमलात आला; त्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या नाण्यांची खाजगी निर्यात करता येत नाही व पुरावस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो. नांगराच्या फाळाला लागलेले मडके खबर न देता सराफाकडे नेण्याचा मोह शेतकऱ्याला होतो तो दंडाच्या भीतीने आणि सरकारदरबारी होणाऱ्या खेटेझाल्यांच्या धास्तीने. परिणामी संचय फुटतो, आणि त्यातील एखादे नाणे कालांतराने कोणत्या तरी सूचीच्या चकचकीत पानावर एकटेच प्रकट होते. अशा वेळी विक्रेत्याने गावाचे नाव टिपून ठेवले असेल, तरी अर्धे काम होते.

छापील सूचीची जागा आता मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. मुंबई, पुणे, अहमदाबाद, बंगळूर येथील लिलावांच्या सूची घरबसल्या पाहता येतात, छायाचित्रे मूळ नाण्याच्या कितीतरी पट मोठी करता येतात. बनावट नाणे ओळखण्यास याचा उपयोग होतो. एकाच साच्यातून ओतलेल्या दोन नाण्यांवर तोच ओरखडा व तोच खड्डा नेमक्या त्याच जागी दिसतो, आणि दोन वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन सूची जवळ असणारा वाचक तो पकडू शकतो. पडद्यावरची सूची लिलावानंतर काढून टाकली जाण्याचा धोका मात्र असतो. म्हणून अनेक जुने संग्राहक तिच्या छापील प्रती करून वर्षावार बांधून ठेवतात.