शिडी, पिंजरा आणि खोका

ऐंशीच्या दशकात नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत मी फिटर म्हणून कामाला लागलो, तेव्हा गाडी म्हणजे जीप, एवढंच आम्हा नवशिक्या पोरांना ठाऊक होतं. आमचे उस्ताद सांगायचे, ‘चासी सरळ तर गाडी सरळ. बाकी सगळा पत्रा!’ जीपपुरतं ते अगदी खरं होतं. पण आज तेच वाक्य एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं. कसं, ते सांगण्यासाठी गाडीच्या सांगाड्याची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगावी लागेल.

जीपखाली वाकून पाहिलंत तर पोलादाचे दोन लांब दांडे दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. आडवी ठेवलेली शिडीच ती. म्हणून तिला लॅडर फ्रेम म्हणतात. आपल्या बैलगाडीचा साटाही याच जातीचा. खाली शिडी, तिच्यावर इंजिन, चाकं आणि बॉडी. बॉडी उतरवून ठेवली तरी गाडी चालते. ओझं वाहायला ही रचना उत्तम. पण तिची एक खोड आहे. एका कोपऱ्याला उचललं की शिडी पिळवटते. शेताच्या बांधावर त्यानं फारसं बिघडत नाही. पण ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानं वळण घेताना सांगाडा पिळवटला, तर चाकं रस्त्याला नीट धरत नाहीत. म्हणून हा प्रश्न सर्वांत जास्त छळायचा तो स्पोर्ट्‌स कार बनवणाऱ्यांना. वजन वाढवायचं नाही आणि पीळही पडू द्यायचा नाही, असं दुहेरी संकट!

त्यावर एक उत्तर निघालं पिंजऱ्याचं. बारीक नळ्या त्रिकोणात जोडायच्या, म्हणजे प्रत्येक नळी फक्त ताणली जाते किंवा दाबली जाते, वाकत नाही. पुलाच्या कैच्या अशाच असतात. १९५४ साली आलेली मर्सिडीझची ३०० एसएल ही अशी गाडी. तिची दारं पंखांसारखी वर उघडत, ती काही दिमाखासाठी नव्हे. पिंजऱ्याच्या नळ्या दाराच्या जागी इतक्या उंच होत्या की नेहमीची दारं बसवायला जागाच उरली नव्हती. दुसरं उत्तर पाठीच्या कण्याचं. गाडीच्या मधोमध पोलादी पत्र्याचा एकच भक्कम बोगदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. इंग्लंडच्या लोटस कंपनीची १९६२ सालची एलान ही गाडी अशा कण्यावर उभी होती.

तिसरं उत्तर खोक्याचं. घरात बुटांचा रिकामा खोका असेल तर झाकण काढून तो पिळून पाहा, सहज पिळला जाईल. आता झाकण घट्ट बसवून पिळा. पुठ्ठा तोच, पण जोर लावावा लागेल. ताकद जाडीत नसते, आकारात असते. गाडीची जमीन, छत, खांब, दाराखालचे उंबरे सगळे एकमेकांना जोडून एकच खोका केला, की खाली वेगळी चासी लागतच नाही. हेच मोनोकॉक. इटलीच्या लान्चिया कंपनीनं १९२२ साली लाम्ब्दा या गाडीत ही वाट दाखवली. पुढे मॅक्लारेननं १९८१ साली कार्बन फायबरचा मोनोकॉक शर्यतीत उतरवला. त्याच वर्षी इटलीत मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी आदळून दोन तुकडे झाली, आणि चालक स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. त्यानंतर या नव्या सांगाड्यावर शंका घेणारे गप्प झाले.

मग सगळेच खोका का करत नाहीत? कारण पैसा. पत्र्याचा खोका करायचा तर प्रचंड डाय आणि प्रेस लागतात. हजारो गाड्या विकल्या गेल्या तरच तो खर्च निघतो. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी छोटी स्पोर्ट्‌स कार तयार होऊ लागली. इंजिन रेनॉचं, अंग फायबरचं. थोड्या गाड्या करणाऱ्याला फायबर परवडतं, कारण त्याचे साचे स्वस्तात होतात. पण फायबरच्या अशा छोट्या गाड्यांत ओझं सहसा आतल्या सांगाड्यालाच पेलावं लागतं. शिवाय छत उघडं असेल, तर आपल्या खोक्याचं झाकणच गेलं!

गंमत म्हणजे मोनोकॉक आपल्याकडे नवा नव्हता. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी आणि आपली ॲम्बॅसेडर, दोन्ही मोनोकॉकच. नाशिकमध्ये मात्र तो आला १९९६ साली, फोर्ड एस्कॉर्टच्या रूपानं. तेव्हा महिंद्र आणि फोर्ड यांची भागीदारी होती आणि एस्कॉर्ट इथेच तयार होई. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ पुन्हा शिडीवरची. २००७ची लोगन पुन्हा खोका. एकाच गावात दोन्ही घराणी नांदू लागली. आम्हा गॅरेजवाल्यांच्या हातांना मात्र सवय होती ती शिडीचीच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं एक जुनी मोटार घेतली. नाव मोठं, रंग झकास, किंमत कमी. महिनाभरात तक्रार सुरू झाली, ‘मामा, गाडी डावीकडे ओढते आणि पुढचं एकच टायर झिजतंय.’ मी गाडी रॅम्पवर चढवली. पोटाखाली काळं कोटिंग ताजं होतं. ते खरवडलं तर खाली जाडजूड वेल्डिंगची रेघ! कुठल्याशा अपघातात गाडीचा पुढचा भाग चेपला होता. कुणीतरी तो कापून दुसऱ्या गाडीचा जोडला होता. माझ्या घशाला कोरड पडली, कारण त्या गाडीतून भाचा, सूनबाई आणि त्यांचं तान्हं बाळ सप्तशृंगी गडावर जाऊन आले होते.

ज्यानं ते जोडलं, तो मिस्त्री वाईट माणूस असेलच असं नाही. त्यालाही कुणा उस्तादानं तेच शिकवलं असेल, ‘बाकी सगळा पत्रा.’ जीपचा वाकलेला दांडा तापवून सरळ केला की काम भागायचं. पण मोनोकॉकमध्ये पत्रा हीच चासी. खांबांत आणि उंबऱ्यांत खास कडक पोलाद असतं. गॅसनं तापवलं की त्याचा कडकपणा उतरतो. वरून ते पूर्वीसारखंच दिसतं, पण पुढच्या धडकेत कागदासारखं दुमडतं.

याचा अर्थ शिडी वाईट आणि खोका चांगला, असा मात्र नाही. नाशिकमध्येच तयार झालेल्या शिडीवरच्या मराझोला २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत ४ तारे मिळाले, तर मोनोकॉक असलेल्या एक्सयूव्ही ३००ला २०२० साली ५. नीट बांधलेला सांगाडा कुठल्याही घराण्याचा असो, माणसाला वाचवतो. घात होतो तो एका घराण्याची दुरुस्ती दुसऱ्याला लावल्यानं.

म्हणून जुनी गाडी घेताना रंगावर जाऊ नका. दाराच्या कडेचं रबर ओढून पाहा. कारखान्यातले वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर असतात. ते गायब असतील किंवा तिथे सलग रेघ असेल, तर थांबा. दोन्ही बाजूंच्या दारांच्या फटी सारख्या आहेत का, ते बघा. टायर एकाच कडेला झिजलेत का, तेही बघा. आणि दोनशे-चारशे रुपये जातील, पण गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहा.

भाच्यानं ती गाडी पुढे कुणाला विकली नाही, भंगारात काढली. नुकसान झालं. पण ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायला त्याचं मन धजावलं नाही. आमचे उस्ताद असते, तर त्यांनी त्याची पाठ थोपटली असती. आणि माझी खात्री आहे, आपलं ते वाक्यही त्यांनी बदललं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)