मंगूस (व्युत्पत्ती)

मंगूस हे सापाशी झुंजणाऱ्या, चपळ व लांब शेपटीच्या सस्तन प्राण्याचे इंग्रजी नाव असून ते मराठीतील ‘मुंगूस’ या शब्दापासून आले आहे. हा शब्द कोकणच्या बंदरांतून थेट इंग्रजांकडे गेला की पोर्तुगीजांच्या मार्फत पोचला, याविषयी कोशांत मतभेद आढळतात. मात्र १६७३ मध्ये मुंबईस आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासग्रंथात तो येतो, त्यामुळे तो पश्चिम किनाऱ्यावर उचलला गेला असणेच अधिक संभवते.

उत्तर भारतीय भाषा हा या तर्काचा सर्वांत भक्कम आधार होय. संस्कृत ‘नकुल’चे प्राकृतात ‘णउल’ झाले आणि त्याच धाग्यातून हिंदी ‘नेवला’ व गुजराती ‘नोळियो’ ही रूपे निघाली; इंग्रजांची वखार सुरतेस, म्हणजे ‘नोळियो’च्या मुलखात असूनही इंग्रजीत टिकले ते दक्षिणेकडचे नाव. मराठी ‘मुंगूस’ला संस्कृतात मूळ सापडत नाही, उलट कन्नड ‘मुंगुसि’ व तेलुगू ‘मुंगिस’ ही त्याची उघड भावंडे दिसतात, म्हणून हा शब्द द्राविडी भाषांतून मराठीने घेतलेला देशी शब्द मानणे योग्य ठरते. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशानेही तेलुगू रूप पुढे ठेवले, पण दख्खनी व मराठी रूपाची नोंद सोबत केली.

इंग्रजीत शब्दाचे लेखन बराच काळ डळमळीत होते. अखेर त्याचा शेवट हंसवर्गीय पक्ष्याच्या ‘गूस’ या नावासारखा लिहिला जाऊ लागला. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा आकार देण्याच्या या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. व्युत्पत्तीने दोहोंचा काहीच संबंध नसल्यामुळे अनेकवचन ‘मंगूसेस’ असेच रूढ आहे, तरी ‘गीस’च्या धर्तीवर ‘मंगीस’ हे रूपही क्वचित वापरले जाते व काही कोश ते नोंदवतात.

फ्रेंच ‘मांगूस्त’, इटालियन ‘मांगुस्ता’ आणि जर्मन ‘मुंगो’ ही याच कुळातील नावे होत. प्राणिशास्त्राने १७९५ मध्ये ‘मुंगोस’ हे प्रजातिनाम योजले, परंतु आजच्या वर्गीकरणात त्या प्रजातीत केवळ दोन आफ्रिकी जाती उरल्या असून ज्या मुंगसावरून नाव गेले तो भारतीय करडा मुंगूस तीत मोडत नाही.