स्वस्त खोली कोणासाठी?



आपल्या गप्पांत एरवी मोहिमा आणि सेनापती असतात. आज विषय घरगुती आहे, भाड्याच्या खोलीचा. पण यातही इतिहास आहे आणि हार-जीतही आहे.

फौजेत असताना दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची, पण घर शोधायची वेळ कधी आली नाही. सरकारी क्वार्टर मिळायचं. २०२० साली, वयाच्या साठीत, मुलीजवळ राहायचं म्हणून मी बंगळुरूत पहिल्यांदा भाड्याचा फ्लॅट शोधायला निघालो. टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती. संगणक कंपन्यांतली मुलं लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी गेली होती आणि गल्लोगल्ली 'टू लेट'च्या पाट्या लटकत होत्या. एरवी दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत मागणारे घरमालक चार महिन्यांवर आले होते. मला २६ हजारांचा फ्लॅट २० हजारांत मिळाला. मी खूश!

चावी देताना एजंट सहज बोलून गेला, "सर, आधीचा भाडेकरू हॉटेलात नोकरीला होता. पगार अर्धा झाला म्हणून चार हजार कमी करा म्हणत होता. मालकांनी ऐकलं नाही. तो गेला, दोन महिने घर रिकामं राहिलं."

म्हणजे त्याला जे चार हजार नाकारले, ते मला सहा हजार होऊन मिळाले. का? मला पेन्शन होती. मी आणखी महिनाभर थांबू शकत होतो, त्याला थांबता येत नव्हतं.

त्या रात्री मला आजोबांची गोष्ट आठवली. ती समजायला शंभर वर्षं मागे, मुंबईत जावं लागेल.

पहिल्या महायुद्धात मुंबईत महागाई भडकली, खोल्या मिळेनात. १९१८ साली सरकारने कायदा करून भाडी १ जानेवारी १९१६च्या पातळीला बांधली. मग गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. पैशांसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवली. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. एकेका चाळीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. सगळ्या मिळून सुमारे साडेसोळा हजार. पुढचं काम थांबवलं.

कारण तोवर काळ फिरला होता. कापडगिरण्यांना मंदी लागली. १९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला, १९२९नंतर जागतिक मंदी आली, १९३३-३४मध्ये गिरण्यांनी मजुरी कापली. शहरात एकेका खोलीत दहा-दहा माणसं दाटीवाटीने राहत होती आणि वरळीच्या सरकारी चाळीत खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतल्या काही चाळींचा सरकारने तुरुंग केला!

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून आलेले, परळच्या गिरणीत बदली कामगार. वरळीला बरी खोली मिळत असताना त्यांनी परळची अंधारी खोली सोडली नाही. आजीने कारण विचारलं की म्हणायचे, "वाण्याची वही परळात आहे."

लहानपणी मला हे आजोबांचं अडाणीपण वाटे. आता हिशोब कळतो. बदली कामगाराला रोज पहाटे गिरणीच्या दारात उभं राहावं लागे. जॉबरने बोट दाखवलं तर काम, नाहीतर परत. काम नसेल त्या महिन्यात वाणी उधार देई, खानावळवाली थांबे, गावकीच्या खोलीत पथारी टाकता येई. आजोबा भाडं नुसत्या चार भिंतींचं देत नव्हते. वाईट दिवसांत तग धरण्याची सोय त्यात होती. वरळीला भिंती होत्या, सोय नव्हती.

मग भाडं कायद्यानेच गोठवावं का? मुंबईने तेही करून पाहिलं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४०चं, म्हणजे युद्धातली महागाई वाढण्याआधीचं भाडं प्रमाण धरलं. भाडेकरूंना आसरा मिळाला हे खरं. पण पुढे दशकानुदशकं भाडं जवळपास तिथेच राहिलं, मालकांनी डागडुजी सोडली, पागडी रुजली आणि नव्याने येणाऱ्याला खोली मिळणं अवघड झालं. एका पिढीचं संरक्षण पुढच्या पिढीच्या दारावरचं कुलूप झालं.

माझ्या फ्लॅटचं पुढे काय झालं? २०२२मध्ये ऑफिसं उघडली, मुलं परतली आणि मालकांनी ३१ हजार मागितले. करारात वाढीची मर्यादा मी लिहून घेतलीच नव्हती. मोहिमेवर निघताना परतीची वाट आधी ठरवायची, हे तीस वर्षं जवानांना शिकवणारा मी! मुकाट्याने दुसरं घर पाहिलं.

म्हणून इंदूर असो, हैदराबाद असो की बडोदा, मंदीत घर घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: भाडं उतरलं म्हणून हुरळू नका, पुढच्या वर्षीची वाढ आजच कागदावर आणा. आणि घरमालकांनो, अडचणीतल्या जुन्या भाडेकरूला चार हजार सोडणं हे दोन महिने रिकाम्या घरापेक्षा स्वस्त पडतं. माझ्याच घराचा हिशोब मांडून पाहा.

त्या हॉटेलवाल्या मुलाचं नाव मला ठाऊक नाही. पण दोन वर्षं मी त्याच्या सवलतीत राहिलो, हे मला विसरता येत नाही.

जय हिंद.