रोगण आणि फडके

‘लॅकर’ हा शब्द मोटारीच्या रंगाबरोबर आपल्याकडे आला, तेव्हा तो घरचाच आहे हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. संस्कृतातली लाक्षा ती मराठीतली लाख. हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी बसून युरोपात गेला, तेथे त्याचे लॅकर झाले, आणि पातळ थरात वाळून चकाकणाऱ्या हरएक रोगणाला मग ते नाव मिळाले. शब्द परत आला तो असा सुटाबुटात, डब्यात बंद होऊन. पण गोव्याच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सावंतवाडीत लाख लाखच राहिली होती.

सावंतवाडीच्या गंजिफा पुष्कळांनी पाहिल्या असतील. दशावतारी गंजिफेच्या डावात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पाने असतात. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने तो घोटायचा, मग रंग, आणि सर्वांत वर लाखेचे रोगण. पाहणाऱ्याचे लक्ष मत्स्य-कूर्माच्या चित्राकडे जाते. कारागिराचा जीव मात्र त्या वरच्या थरात असतो. हाताचा घाम, कोकणातली दमट हवा आणि पानावर पान घसरण्याची झीज हे सारे त्यानेच सोसावयाचे असते. चित्र जगते ते या कातड्याच्या जिवावर.

आणि हे कातडे मोठे नाजूक. लाख ही एका किड्याची देणगी. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर तो ती साठवतो, आणि तिचे मोठे आगर छोटा नागपूरच्या रानांत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवली तर ती मऊ पडते, स्पिरिटात विरघळते, सोड्याच्या पाण्याने सुटते, ओल धरून राहिली तर पांढुरकी होते. जळते किती, हे पांडवांच्या लाक्षागृहापासून ठाऊक आहे. जपानी रोगणाची तऱ्हा याच्या अगदी उलट. ते उरुशी नावाच्या झाडाचा चीक असते, आणि ते घट्ट होण्यासाठी हवेत दमटपणाच लागतो. आमच्या लाखेचा जो वैरी तोच त्याचा सोयरा. दोघांना एकच नाव देणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्याला हा भेद दिसला नाही, आणि नावाच्या या गोंधळाने पुढे पुष्कळ चांगल्या वस्तूंचा घात केला. चकाकते म्हणून सर्वांना एकाच फडक्याने आणि एकाच बाटलीतल्या द्रवाने पुसण्याची खोड माणसाला लागली.

मोटारीने हा गोंधळ रस्त्यावर आणला. पहिल्या मोटारी रंगाच्या बाबतीत बग्गीच्याच बहिणी होत्या. तेलाच्या वार्निशाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. एक गाडी रंगायला आठवडेच्या आठवडे जात. फोर्डने १९१४ ते १९२५ पर्यंत आपली गाडी काळ्याच रंगात का विकली, याचे कारण त्याच्या अरसिकतेत शोधू नये. भट्टीत भाजून लवकर वाळणारे, टिकाऊ आणि स्वस्त असे काळे रोगण त्याला मिळाले होते. मग १९२३ साली ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ आला. जनरल मोटर्सने ओकलंड गाडीला तो निळ्या रंगात दिला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. ड्यूको म्हणजे तरी काय? नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस, द्रवात विरघळवलेला. आतल्या बैठकीवरचे रेक्झिन हेही मूळचे याच कुळातले, कापडावर त्याच कापसाचा लेप. म्हणजे गाडीच्या बाहेर कापूस आणि आतही कापूस! बायका नखांना लावतात तो रंगही त्याच घरचा. नखरंग पुसण्याचे द्रव बैठकीवर सांडले की तेथे कायमचा डाग का पडे, याचा उलगडा यात आहे.

आपल्याकडे ‘ड्यूको’ हे पुढे कपाटांच्या फवारारंगाचेही नाव झाले, आणि रेक्झिनची जागा प्लॅस्टिकने घेतली तरी बोलण्यात ते रेक्झिनच राहिले. नाव टिकले, वस्तू बदलली. पुसणाऱ्याने नावावर विश्वास ठेवला.

चितारआळीत रोगण करणारा आणि ते उडाल्यावर पुन्हा देणारा एकाच आळीत राहत असे. काय लावले आहे हे त्याला ठाऊक, म्हणून काय लावू नये हेही ठाऊक. मोटारीच्या बाबतीत ही गाठ तुटली. रंग कोठल्या तरी दूरच्या कारखान्यात दिलेला, आणि पुसणारा ड्रायव्हर किंवा पोरगा येथे, हातात जुन्या धोतराचे फडके आणि रॉकेलची बाटली घेऊन. रॉकेलने गाडी क्षणभर आरशासारखी दिसते खरी, पण त्याबरोबर मेणाचा राखण करणारा थरही निघून जातो, आणि आतल्या चामड्याला लावले तर त्यातले तेल ओढले जाते. खोबरेल तेलाची माया कोकणात सर्वांवरच; प्लॅस्टिकच्या बैठकीवर मात्र ते धूळ धरून बसते. रंग फिका पडला की त्याला घासण्याच्या लेपाने झिलई आणण्याचा उपाय आणखी वाईट. प्रत्येक वेळी रंगाचाच एक पापुद्रा जातो. कडांवर आधी अस्तर दिसू लागते, आणि मालक म्हणतो, रंग कच्चा होता. आजच्या गाड्यांवर रंगावर पारदर्शक थर असतो, हे खरे. पण त्याची जाडी माणसाच्या केसाहूनही कमी.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली मिठाची. हवेतला ओलावा शेकडा पंचाहत्तरांच्या वर गेला की मीठ त्यातले पाणी ओढून स्वतःच ओले होते. आणि पावसाळ्यात येथे हवा त्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे समुद्राच्या वाऱ्याने पत्र्यावर बसलेले मीठ सुकतच नाही, गाडी छपराखाली उभी असली तरी. खलाशी आपल्या होडीला माशाचे तेल पाजतो ते उगीच नव्हे. गाडी गोड्या पाण्याने धुवायला हवी, आणि किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचे पाणी मचूळ असते, ही येथली खरी अडचण.

दुसरी गोष्ट लाल मातीची. जांभ्याच्या धुळीत लोखंडाच्या गंजाची आणि गारेची कणी असते. गंमत अशी की सोनार ज्या लाल भुकटीने दागिन्याला झिलई देतो, तीही लोहाचा गंजच. पण ती वस्त्रगाळ. रस्त्यावरच्या धुळीत बारीक आणि भरड एकत्र असतात, आणि कोरडे फडके फिरवले की भरड कणी रंगावर वर्तुळे कोरते. उन्हात गाडी तिरकी पाहिली की ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात. आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर चीक पडतो तो निराळाच. तो वाळण्यापूर्वी भिजवून काढला तर निघतो, एरवी रंग पोळतो.

सावंतवाडीची लाख मात्र फडक्याने मेली नाही, गिऱ्हाइकांवाचून ती मरायला टेकली. छापील पत्त्यांनी गंजिफेला घरांतून बाहेर काढले. १९७० नंतरच्या वर्षांत राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी करायचे मनावर घेतले, तेव्हा ती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. त्यांच्यापाशी राजाराणी स्वतः शिकली, आणि वाड्याच्या दरबारात कारागीर रोगणाला बसू लागले. कृती कागदावर उतरवणे सोपे होते. लेप केव्हा सुकला आणि पान किती घोटले म्हणजे पुरे, हे हाताला कळते, आणि तो हात त्या वेळी एकाच माणसाचा होता.

मोटारीच्या बाबतीत असे गुरू शोधत बसायची गरज नाही. सावलीत उभी करावी, पत्रा निवू द्यावा, आधी नुसते गोडे पाणी भरपूर सोडून धूळ वाहू द्यावी, मग वरून खाली मऊ कापडाने, सौम्य साबणाच्या पाण्यात. धुण्याचा सोडा नको. चाकांचे फडके वेगळे, आणि पिळायची बादलीही वेगळी. काम संपल्यावर ती बादली रिकामी करताना तळाशी चिमूटभर लाल वाळू राहिलेली दिसते.