जुन्या मोटारीचा ‘सेल्फ’ रुसला, तर आधी तारा तपासा

पावसाळ्यात शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे निघालेली जुनी पद्मिनी वाटेत चहासाठी थांबते आणि पुन्हा किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज करून गप्प होते. अशा वेळी सेल्फ किंवा बॅटरी निकामी झाल्याचे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दोष अनेकदा गंजलेल्या जोडात किंवा सैल अर्थिंगमध्ये असतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११००डी तयार होऊ लागली. तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला असून ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. त्यामुळे चुकीच्या निदानापायी चांगला सेल्फ भंगारात गेल्यास तसाच दुसरा मिळण्याची शाश्वती नसते.

सेल्फ फिरत नसल्यास

प्रथम बॅटरी तपासावी. गाडी बंद असताना १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरली आहे. मग हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी अशक्त, जोड खराब किंवा सेल्फ जाम असू शकतो. दिवे तसेच प्रखर राहिले आणि आवाजही आला नाही, तर किल्लीचा स्विच, सॉलेनॉइड किंवा त्यांमधील तार तपासावी.

अर्थिंग पाहण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, तर दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरावे. सेल्फ मारताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेल्यास अर्थिंगच्या वाटेत अडथळा आहे. जोड सोडवून पॉलिश पेपरने घासावा, घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलिन लावावे.

बॅटरी चार्ज होत नसल्यास

जुन्या गाड्यांत डायनॅमो व कटआउट, तर नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर आढळतो. किल्ली फिरवताच चार्जिंगचा लाल दिवा लागावा आणि इंजिनाचा वेग वाढल्यावर विझावा. डायनॅमो असलेल्या गाडीत मंद वेगावर तो लुकलुकणे स्वाभाविक आहे. दिवा विझतच नसेल, तर आधी फॅनबेल्ट, मग डायनॅमोचे कार्बन व तारा पाहाव्यात. अल्टरनेटरच्या गाडीत वेग वाढवल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. आकडा १५ च्या पुढे गेल्यास रेग्युलेटर सदोष असून बॅटरीतील पाणी उडून जाते.

चार्जिंगची परीक्षा म्हणून चालू गाडीची बॅटरी काढण्याची काही मिस्त्रींची जुनी सवय अल्टरनेटरला घातक ठरते. त्यातील डायोड जळू शकतात.

सेल्फच्या जाड तारेवर सहसा फ्यूज नसतो. तिचे आवरण पत्र्यावर घासून फाटल्यास आग लागू शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वी अर्थिंगची तार सर्वांत आधी काढावी आणि सर्वांत शेवटी जोडावी.